उसन्या अर्थाचे निबंध



जोतीरावांच्या जयंतीनिमित्त पडघ्याच्या आसपासच्या मुलांनीं लिहिलेले तीन निबंध आमच्या हातीं आले. अक्षर मोत्यासारखें, पण मजकूर तिहींचा एकच! चूकसुद्धां एकाच जागीं! विद्येवांचून काय काय गेलें हें सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध ओळी तिघांनींही उतरल्या होत्या. पण त्या १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभीं आहेत, हें एकानेंही सांगितलें नाहीं. आणि त्यांचा अर्थ तर कोणास ठाऊकच नव्हता. विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, “गाईडांत तसेंच आहे.”

वाहवा! पूर्वीं भटजी मंत्र म्हणत आणि आम्ही अर्थ न विचारतां अक्षता टाकीत होतों. आतां गाईड म्हणतें आणि आमचीं मुलें माना डोलवितात. भिक्षुक बदलला, दक्षिणा चालूच!

कोणी म्हणेल, मुलें लहान आहेत, त्यांना काय समजणार? मुक्ताबाईकडे पाहा! जोतीरावांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणारी ही मांग समाजांतील चौदा वर्षांची मुलगी. तिचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. तिनें कोणाचा अर्थ उसना घेतला नाहीं. वेद आमचेच, इतरांनीं ते पाहूं नयेत, हें ब्राह्मणांचें म्हणणें तिनें पुढें ठेवलें आणि त्यावरच प्रश्न केला, मग आमचा धर्म कोणता? पेशवाईंत आपल्या लोकांवर काय गुजरलें तेंही मांडलें. दुसऱ्याचें म्हणणें दुसऱ्याचें म्हणून सांगणें आणि त्यावर आपला विचार चालविणें, यालाच निबंध म्हणतात.

उसनें घेण्यांत लाज नाहीं. शेजाऱ्याकडून भाताचें बियाणें आणलें तर आपण त्याचें नांव सांगतों. लावणी मात्र आपल्या शेतांत, आपल्या हातांनीं करतों. तसेंच ग्रंथांतील ओळ घ्यावी, ती अवतरणचिन्हांत ठेवावी, ग्रंथाचें व कर्त्याचें नांव लिहावें. मग आपल्या घरीं, आपल्या गांवीं ती खरी ठरते कीं नाहीं, तें स्वतः लिहावें.

हा केवळ मार्कांचा प्रश्न नाहीं. आपल्या तालुक्यांत आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग आला. त्याचा शेवटचा टप्पा २०२५ सालीं खुला झाला. भातखाचरांच्या जागीं गोदामें उभीं राहिलीं. जमिनीच्या नोटिसा व करारनामे आपल्या दारीं येतात. ज्या मुलास चार ओळींचा अर्थ दुसऱ्यानें सांगावा लागतो, तें उद्यां बापाच्या नोटिशीचा अर्थ कोणाला विचारणार? दलालालाच! आणि दलाल बोट ठेवील तेथें सही करणार.

म्हणून आयाबापांनो, आज रात्रीं मुलाची वही उघडा. तुम्हांस वाचतां येत नसलें तरी विचारा, “बाळा, हें कोणाचें म्हणणें? आणि तुझें काय?” दुसऱ्या प्रश्नाला पोर गप्प बसलें, तर गाईड बाजूला ठेवा आणि मूळ पुस्तक त्याच्या हातीं द्या.