आधी गोष्ट सांगू नका

"सर, पहले कहानी बता दीजिए." बालाघाटात एम.ए.च्या वर्गात फॉकनर काढला की पहिल्याच तासाला हे ऐकू येतं. आणि आम्ही मास्तर सांगून मोकळे होतो: आई मरते, तिला माहेरच्या माणसांत पुरायला घरचे गाडीतून नेतात, वाटेत नदीत खेचरं बुडतात, बाप नवी कवळी आणि नवी बायको घेऊन परततो. उरलेलं कुंजीत.

फॉकनरची 'ॲज आय ले डाइंग' (१९३०) ही कादंबरी एवढी सांगितली की शिकवायला उरतं काय? १५ जण ५९ तुकड्यांत बोलतात. मेलेली आईसुद्धा एकदा बोलते. कोणाचं खरं, हे वाचणाऱ्यानं ताडायचं.

यंदा मी मधूनच सुरुवात केली. थोरला मुलगा कॅश, सुतार. त्याचा एक तुकडा म्हणजे १३ कलमांची नुसती यादी: आईच्या शवपेटीचे सांधे तिरके का घेतले. सहाव्या कलमात एकच शब्द. त्या पानाची झेरॉक्स वाटली आणि गप्प बसलो. वर्गही गप्प. मग वाराशिवनीकडचा एक मुलगा, घरी सागवानाचं काम, म्हणाला, "तिरक्या सांध्यात खिळ्याला धरायला लाकूड जास्त मिळते सर. पाणीही सरळ उतरत नाही. बरोबर बोलून राहिला हा." जरा थांबून, "पण आई गेल्यावर असं कोण लिहिते?"

"आजोबा गेले तेव्हा काका दिवसभर लाकडाचाच हिशेब करत होते," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. मला बोलायची गरजच पडली नाही.

इथली पोरं घरी पोवारी बोलतात, शाळेत हिंदी, गोंदियाच्या मामाकडे मराठी. अर्धवट कळलेलं बोलणं धीरानं ऐकत राहायची त्यांना लहानपणापासून सवय. ती मोडतो आम्ही, सारांश देऊन. (मराठीत मर्ढेकरांनी १९४२ मध्येच 'रात्रीचा दिवस' लिहून संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला होता. तो तरी कोण वाचतं?) तीनदा वाचूनही कळत नाही म्हणणाऱ्यांना फॉकनरनं चौथ्यांदा वाचायला सांगितलं होतं. आमचं परीक्षेचं वेळापत्रक एकदासुद्धा वाचू देत नाही, ते सोडा.

पुढच्या तासाला नदीचा तुकडा. वैनगंगेचा पूर पाहिलेल्यांनी मोठ्यानं वाचायचा.

तास सुटल्यावर तोच मुलगा झेरॉक्स घेऊन आला. "सर, सहाव्या कलमातले शब्द छापताना गळले का?"

मी सांगितलं नाही.