बिनभुलेचे टाके

मी कॅज्युअल्टीत वॉर्डबॉय आहे. साहेब लोक 'अरे' म्हणतात, पेशंट 'मामा' म्हणतात. वय माझं सव्वीस, पण युनिफॉर्म चढवला की मामा. मी डॉक्टर नाही, विचारवंत तर त्याहून नाही. टाके घालताना जो पेशंटचा हात दाबून धरतो, तो मी. आज तोच लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला एक पोरगी आली. सतरा-अठराची. हातावर जखमा, स्वतःच केलेल्या. शेजारी जुने वण. आईनं पदरात हात गुंडाळून आणलेला. डॉक्टरनं केसपेपरवरचं आडनाव बघितलं, वस्तीचा पत्ता बघितला, हात बघितला. तोंडाकडे बघितलंच नाही. म्हणाला, "हिची नाटकं पुन्हा सुरू." मग मला, "धर रे घट्ट."

भुलेचं इंजेक्शन ट्रेमध्ये होतं. ते ट्रेमध्येच राहिलं. "करताना दुखलं नाही, आता कशाला पाहिजे? जरा लक्षात राहू दे."

सहा टाके. पोरगी ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मामा, सोडा ना." मी सोडलं नाही.

दोस्तांनो, माझं भांडण इथून सुरू होतं. आधी माझ्याशी, मग सगळ्यांशी.

दारू पिऊन डोकं फोडून घेतलेल्याला भूल मिळते. शेठचं पोरगं मोटारसायकलवरून पडलं तर त्याला मिळते. मग हिलाच का नाही? कारण ते टाके नव्हतेच. ते फटके होते. दवाखान्यात बसून त्यानं निकाल दिला आणि शिक्षाही दिली. आणि जल्लादाचा हात मी झालो.

ही शिक्षा जुनी आहे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ घातलं. जीव द्यायचा प्रयत्न केला, की एक वर्षापर्यंत कैद. १९८५ साली मुंबईत, अपघातात डोक्याला मार लागून मन ढासळलेल्या एका पोलीस शिपायानं महापालिकेच्या कचेरीपाशी असा प्रयत्न केला. त्याच्यावर हेच कलम लागलं. १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवून परत उभं केलं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्याचं कलम ११५ सांगतं: असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चाला, त्याला शिक्षा करू नका, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिताच गेली, ३०९ गेलं. पण नव्या न्याय संहितेत कलम २२६ आलं. सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याला रोखण्यासाठी प्रयत्न केला, तर अजूनही एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे घरात कोंडून घेऊन सोस, कचेरीच्या दारात येऊन बोंबलू नको!

कायदा बदलला. कॅज्युअल्टीतली जीभ बदलली नाही.

'नाटक' म्हणणाऱ्यांनो, ऐका. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकालाच मरायचं असतं असं नाही. कुणाला आतला कल्लोळ सोसवत नसतो. पण एकदा इजा केलेल्याच्या पुढच्या आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. पुन्हा आली म्हणजे नाटकी नव्हे. पुन्हा आली म्हणजे मागच्या वेळी आपण काहीच केलं नाही.

इंग्लंडात २००४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत छापावं लागलं की अशा पेशंटला टाके घालताना पुरेशी भूल द्या. छापावं लागलं, म्हणजे तिथंही हीच बोंब होती. २०२२ च्या नव्या सूचना म्हणतात, प्रत्येक वेळी, लवकरात लवकर, मनाची आणि घरादाराची विचारपूस करा.

"आपल्याकडे पैसा कुठाय?" असं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ मध्ये छापलेला अभ्यास घ्या. पाच देश, त्यात आपलं चेन्नई. आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेले १८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्यावर आणखी एक तासाचं बोलणं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. बस्स. पहिल्यांत आत्महत्येनं गेले शंभरात २.२. दुसऱ्यांत ०.२. एक तास आणि नऊ फोन! याला कुठलं मशीन लागतं?

तो डॉक्टर छत्तीस तास उभा होता, हे मला ठाऊक आहे. त्याच्या थकव्याचा हिशेब व्यवस्थेकडे मागू. पण थकव्यानं हात थरथरतो, जीभ विषारी होत नाही. ती आधीपासूनच तशी असते.

आणि चळवळीतल्या भावांनो, तुम्हीपण साळसूद नाही. "लढणारी माणसं आपण, असलं भित्र्यांचं काम" असं नाक्यावर तुम्हीच बोलता. तुमच्याच घरातली बहीण उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस का घालते, विचारलंत कधी?

मागण्या साध्या आहेत. टाक्याआधी भूल. पेशंटशी एकट्यात, नावानं बोलणं. मानसोपचारवाल्यानं बघितल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. हातात कागद: त्रास वाढला तर कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा. त्यावर टेलिमानसचा नंबर १४४१६, तो फुकट आहे. आणि आठवड्यानं दवाखान्याचा फोन.

आता मी आधी भूल दिल्याशिवाय हात धरत नाही. तोंडावर सांगतो. त्यापायी मेमो मिळालाय, खिशात आहे. ती पोरगी पुन्हा आली नाही. बरी झाली, की आमची दहशत बसली, मला माहीत नाही.

उद्या कुणाला घेऊन कॅज्युअल्टीत आलात, तर खाली मान घालून बाकड्यावर बसू नका. आत या. विचारा, भूल दिली का? विचारा, हिच्याशी कोण बोलणार? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. मी आत असेनच.