पडद्यावरील जात आणि प्रमाणनाची कात्री

चित्रपटातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद निघाला की चर्चा धार्मिक भावनांची होते. परंतु महाराष्ट्रातील दोन प्रकरणे शेजारी ठेवली, तर अडचण देवापेक्षा जातीची असते, असे दिसते. अस्पृश्याघरी जेवणाऱ्या संत एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केलेला प्रभातचा चित्रपट १९३५ साली ‘महात्मा’ या नावाने यावयाचा होता. त्या नावाला गांधीजींमुळे राजकीय अर्थ चिकटतो, असा आक्षेप सेन्सॉरने घेतल्याने व्ही. शांताराम यांना तो ‘धर्मात्मा’ म्हणून प्रदर्शित करावा लागला. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ रोजी, यावयाचा अनंत महादेवन यांचा ‘फुले’ काही ब्राह्मण संघटनांच्या विरोधानंतर २५ एप्रिलला आला. तत्पूर्वीच केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यातील महार, मांग, पेशवाई हे उल्लेख वगळावयास सांगितले होते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा, १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयीच आहे. कंपनी सरकारच्या काळात एका शाळकरी मुलीला जे लिहिता आले, ते आज पडद्यावर उच्चारता येऊ नये, याचे समर्थन करणे कठीण आहे. आणि ज्या धुळ्यात कॉ. शरद पाटील यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष उभा केला, त्या जिल्ह्यातील शिरपूरच्या प्रेक्षकाला हे शब्द सोसणार नाहीत, असे कोणी ठरवले?

निदर्शनांच्या धमकीपुढे झुकून चित्रपट दडपता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे. त्या खटल्यातील चित्रपट आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा होता, हेही ध्यानात ठेवावे. न पटणाऱ्या मताला जे संरक्षण मिळते, तेच आपल्याही उपयोगी पडते. मात्र मंडळाच्या निर्णयावर अपील ऐकणारे न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्यामुळे आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि प्रदर्शनाची तारीख जाहीर करून बसलेला निर्माता त्या खर्चापेक्षा कात्री पत्करतो.

म्हणून अहिराणीत किंवा मराठीत असे विषय हाताळणाऱ्यांनी प्रत्येक वादग्रस्त प्रसंगाचा लेखी आधार संहितेसोबतच तयार ठेवावा, मंडळाचे आक्षेप लेखी मागावेत, पुनर्परीक्षण समितीकडे, म्हणजे त्याच मंडळाच्या दुसऱ्या, मोठ्या समितीकडे, दाद मागावी आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तारीख जाहीर करू नये.