पेनड्राइव्हने जागा होणारा संगणक : ही विद्या शाळेतच शिकवा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच बंदर ओलांडून रेवसच्या धक्क्याला लागते. धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव. खाडीपलीकडे करंजा दिसते आणि अलिकडच्या तीरावर बोडणीसारख्या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. या किनाऱ्यावर जाळे फाटले म्हणून कोणी ते समुद्रात टाकून देत नाही. भोक कुठे पडले ते पाहून तेवढेच विणून काढतात. मग त्याच घरातला लॅपटॉप ‘आता चालत नाही’ म्हणून कपाटात का जातो? जाळे दुरुस्त करता येते हे सर्वांना ठाऊक आहे. लॅपटॉपचेही बरेचदा तसेच असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, की ही गोष्ट प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवली पाहिजे.

हा प्रश्न आताच निघण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार संपला. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेल्या यंत्रांसाठीच आहे. त्यामुळे पडदा, कळफलक, स्मृती सारे ठणठणीत असलेली असंख्य यंत्रे एकाएकी ‘जुनी’ ठरली. यंत्र बिघडलेले नाही, त्यावर चालणारी प्रणाली तेवढी कालबाह्य झाली आहे. अशा यंत्राला दुसरी, हलकी आणि अद्ययावत प्रणाली देता येते. ती देण्याचे साधन म्हणजे ‘बूट होणारा’ पेनड्राइव्ह.

‘बूट होणे’ म्हणजे काय? यामागे एक गमतीदार कोडे आहे. संगणकाला कोणतेही काम करायचे तर त्या कामाचा प्रोग्रॅम त्याच्या स्मृतीत असावा लागतो. तो स्मृतीत आणायचा, तर आणण्याचे काम करणारा आणखी एक प्रोग्रॅम हवा. मग त्याला कोण आणणार? आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलण्यासारखाच हा प्रकार, आणि ‘बूट’ हा शब्द त्याच कल्पनेतून आला. पूर्वीच्या अनेक संगणकांत माणूस दर्शनी भागावरची बटणे खालीवर करून पहिल्या काही आज्ञा स्वतः भरत असे. आज त्या आज्ञा यंत्रातल्याच एका चिपमध्ये कायमच्या साठवलेल्या असतात. वीज मिळताच प्रोसेसर प्रथम त्या वाचतो. त्या सांगतात, ‘आता डिस्क शोध, तिच्यावर सुरुवातीचा प्रोग्रॅम आहे का पाहा.’

जुन्या पद्धतीची चिप डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचते आणि त्याच्या शेवटी ठराविक खूण आहे का ते तपासते. नव्या पद्धतीची, म्हणजे यूईएफआयची चिप डिस्कच्या एका विशिष्ट विभागात ठराविक नावाची फाइल शोधते. खूण किंवा फाइल सापडली की सूत्रे तिच्या हाती जातात आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाक मारत पूर्ण प्रणाली उभी राहते. ही खूण पेनड्राइव्हवर असली, तर संगणक आतल्या डिस्ककडे न पाहता पेनड्राइव्हवरूनही जागा होतो. प्रणालीची डाउनलोड केलेली फाइल पेनड्राइव्हवर तशीच ठेवून भागत नाही ते यामुळेच. ती उलगडून योग्य जागी लिहावी लागते. ‘रूफस’ किंवा ‘बलेना एचर’ यांसारखे विनामूल्य प्रोग्रॅम हे काम करतात.

आता कृती पाहू. आठ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचे सर्व काही पुसले जाणार आहे, हे आधी ध्यानात घ्या. ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’ यांसारख्या मुक्त प्रणालीची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती मुळीच गाळू नये. फाइलसोबत तिचा एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरी ठसा दिलेला असतो. आपल्या फाइलचा ठसा काढून दोन्ही ताडून पाहा. अब्जावधी बिटांपैकी एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. ठसे जुळले, तरच फाइल पेनड्राइव्हवर लिहा. मग पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून तो सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. अनेक लिनक्स प्रणाली आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. वाय-फाय, ध्वनी, छपाई सारे नीट चालते का ते पाहा. समाधान झाले, आणि जुन्या फायलींची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवली, की मगच प्रणाली डिस्कवर बसवा.

तुम्ही म्हणाल, ‘एवढा खटाटोप कशाला? दुकानदार तासाभरात करून देतो.’ देतो खरा. पण रेवसच्या मुलाला त्यासाठी अलिबागपर्यंत वीस किलोमीटरांहून अधिक जावे लागते, नाहीतर लाँचने मुंबई गाठावी लागते. शिवाय काही ठिकाणी परवाना नसलेली प्रत गुपचूप बसवून मिळते. तिच्यात कोणी काय फेरफार केला आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. ज्या यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार आणि परीक्षांचे अर्ज भरतो, त्याचा पायाच कोणी रचला हे माहीत नसणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो : ‘मुले संगणक बिघडवतील.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण चुकीची डिस्क निवडली तर वर्षांची माहिती क्षणात जाते. म्हणून शाळेच्या कार्यालयातल्या यंत्रावर हा प्रयोग करू नये. निर्लेखित केलेले एखादे यंत्र घ्यावे. प्रयोगशाळेत आम्ल हाताळायला आपण शिकवतोच. ते काळजीपूर्वक शिकवतो, इतकेच. तिसरा आक्षेप असा, की कचेऱ्यांत विंडोज असते, मग लिनक्स शिकून काय उपयोग? एक तर परवाना असेल तर विंडोजही याच रीतीने बसवता येते. दुसरे असे, की शिकायची ती रीत. प्रणालीचे नाव दुय्यम आहे. लिनक्सची बाजू अर्थात वेगळ्या कारणाने भक्कम आहे. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा प्रसिद्ध केला. आज तो कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. काही छपाईयंत्रे व काही खास प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत हेही खरे, आणि म्हणूनच आधी चालवून पाहण्याची पायरी महत्त्वाची.

खेड्यातल्या मुलांना हे झेपेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यातले उदाहरण पाहावे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत हार्ड डिस्क नव्हती. एक जीबी फ्लॅश स्मृतीवर लिनक्स चाले. पडद्याशेजारची चार बटणे दाबून यंत्र सुरू केले, की ते जोडलेल्या पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली भरून घेई. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी बनवलेल्या यंत्रातही ही सोय ठेवली होती, हे विसरू नका. केरळच्या सरकारी शाळांत तर गेली अनेक वर्षे संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर चालते.

यंत्रे वाटली जातात तेव्हा फोटो निघतात. पण दोन वर्षांनी ती बंद पडली, की ती पुन्हा सुरू करील असा माणूस गावात असतो का, यावर त्या वाटपाचे खरे मोल ठरते. तो माणूस नववीतला विद्यार्थी का असू नये?

शिक्षकहो, पुढच्या महिन्यातला एक शनिवार यासाठी राखून ठेवा. एक पेनड्राइव्ह, एक टाकाऊ यंत्र आणि चार विद्यार्थ्यांचा गट एवढेच साहित्य लागेल. आणि मित्रांनो, तुम्ही वहीत प्रत्येक पायरी लिहून ठेवा : कोणती कळ दाबली, कोणता संदेश आला, काय चुकले, कसे सुटले. ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या. शाळेत एकदा ही परंपरा सुरू झाली, की कपाटातली यंत्रे फार दिवस कपाटात राहणार नाहीत.