तोड थांबेल, तपासणी थांबू नये



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, हुमणी, खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. किडनी बसविलेल्या माणसाच्या तपासणीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. परंतु गेल्या गळीत हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आपल्या एका गटातील सभासदाच्या मुलाला त्याच्या आईची किडनी बसविली होती. गावाने वर्गणी काढली, पाहुण्यांनी हातभार लावला, पोरगा बरा होऊन पुन्हा शेतात उभा राहिला. आठव्या महिन्यात त्याला थकवा वाटू लागला, लघवी कमी झाली, पायावर थोडी सूज दिसू लागली. ताप नव्हता, दुखत नव्हते. दवाखान्याची तारीख आणि तोडणीची टोळी एकाच आठवड्यात आली. तो मला म्हणाला, "साहेब, टोळी दारात आलीय. ही निघून गेली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" मी सहज बोलून गेलो, "ऊस घालवून घे, मग निवांत जा."

तो बारा दिवस उशिरा गेला. रक्तातील क्रिएटिनीन वाढले होते. सोनोग्राफीत दिसले की, लघवीचा मार्ग तुंबून किडनी फुगली आहे आणि तिच्या शेजारी काही तरी साठले आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी सुई घातली, तर पू निघाला. नळी ठेवून निचरा केला, पू तपासून त्याप्रमाणे औषध दिले. किडनी वाचली, पण पूर्वीइतकी राहिली नाही. त्या माउलीने दिलेल्या किडनीतला काही भाग माझ्या एका वाक्याने गेला, असे मला आजही वाटते.

ताप का आला नाही, हे मी नंतर डॉक्टरांना विचारून घेतले. बसविलेली किडनी शरीराला परकी वाटते व शरीर तिच्यावर हल्ला करते. 1954 साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीरोपण यशस्वी केले, ते जुळ्या भावांमध्ये. दोघांची घडण एकच, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. इतरांना मात्र हा हल्ला दडपणाऱ्या गोळ्या किडनी चालू असेपर्यंत घ्याव्या लागतात. आपल्या देशात 1971 साली वेल्लोर येथे किडनीरोपण यशस्वी झाले, तेव्हापासून आजपर्यंत ही अडचण तीच आहे. या गोळ्यांनी किडनी टिकते, पण अंगातला राखणदारही झोपतो. रोगजंतू शिरले तरी ताप भरेलच, असे नाही. शिवाय नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवितात आणि तिच्या मज्जातंतूंची जोडणी होत नाही. त्यामुळे आत बिघाड झाला तरी ती नेहमीसारखी दुखेलच, असे नाही. लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग हा तर या रोग्यांत सर्वांत जास्त आढळणारा संसर्ग. आपल्याकडे क्षयाचीही शंका ठेवावी लागते.

आता खरी मेख पुढे आहे. क्रिएटिनीन वाढले, म्हणजे किडनी बिघडली एवढेच कळते. का बिघडली, ते कळत नाही. शरीराने हल्ला केला असेल, तर दडपणाऱ्या औषधाचा जोर वाढवावा लागतो. जंतुसंसर्ग असेल, तर पुष्कळदा तोच जोर कमी करावा लागतो. दोन्ही उपाय एकमेकांच्या उलट. आपल्याला हे नवे नाही. ऊस पिवळा पडला, तर पाणी कमी पडले की मुळाशी पाणी साचले, हे बघावे लागते. साचलेल्या रानात आणखी पाणी सोडणाऱ्याचे काय होते, ते मी सांगायला नको. रान उकरूनच बघावे लागते. माणसाचे पोट तसे उकरता येत नाही, म्हणून आतले चित्र काढावयाचे.

यात पहिला मान सोनोग्राफीचा. नवी किडनी कातडीजवळ असल्याने चित्र चांगले मिळते, किरणांचा त्रास नाही, खर्चही इतरांहून कमी. मार्ग तुंबला आहे काय, शेजारी पाणी, रक्त वा पू साठला आहे काय, हे तीत दिसते. डॉपलरने रक्त कसे वाहते, ते समजते. खोलवरचे गळू किंवा किडनीत धरलेला वायू शोधावयाचा तर सी.टी. स्कॅन उत्तम. मधुमेह्यांत असा वायू विशेष धोक्याचा. मात्र शिरेतून द्यावयाच्या रंगद्रव्याचा बोजा किडनीवर पडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवावे. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात, आणि रंगद्रव्य न देताही रोगट भाग पुष्कळदा ओळखता येतो. पेट स्कॅनमध्ये तर खूण लावलेली एक प्रकारची साखरच टोचतात. जिथे रोग पेटला आहे, तिथे ती जास्त ओढली जाते. परंतु ती साखर लघवीवाटेच बाहेर पडत असल्याने किडनी एरवीही उजळ दिसते. म्हणून खुद्द किडनीपेक्षा अंगात इतरत्र लपलेला संसर्ग शोधण्यास तिचा उपयोग अधिक.

याचा अर्थ असा की, "मोठे मशीन म्हणजे चांगली तपासणी" हा आपला समज चुकीचा आहे. उलट, "सोनोग्राफी चांगली आली, आता काळजी नाही" हाही समज चुकीचा. संसर्ग असूनही सोनोग्राफी साधी दिसू शकते. काही विषाणू तर कोणत्याच चित्रात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी रक्त-लघवीची तपासणी आणि प्रसंगी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे, हेच मार्ग. रक्त, लघवी व चित्र या तिन्हींचा मेळ डॉक्टरांनी घालावयाचा. आपले काम एकच, ठरल्या तारखेला हजर राहणे, आणि लघवी कमी झाली, सूज वा थकवा आला, तर तारखेचीही वाट न पाहणे.

आता माझे मत स्पष्टच मांडतो. ऑपरेशनसाठी आपण गाव गोळा करतो. त्यानंतरच्या तपासण्यांसाठी मात्र कोणी विचारत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रोपणाचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण पुढे वर्षानुवर्षे शहराला जाणे-येणे, तपासणी, बुडालेला दिवस, हे घरालाच सोसावे लागते. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, अशा सभासदाची नोंद गट ऑफिसात ठेवावी आणि तपासणीच्या आठवड्यात त्याची तोड मागेपुढे करून द्यावी. त्याचा क्रम बुडू नये. हे आम्हा शेतकी खात्याच्या हातचे आहे, त्याला पैसा लागत नाही. दुसरी, सभासद कल्याण निधीतून पुढील तपासण्यांसाठी ठराविक मदत देण्याचा विचार मा. संचालक मंडळाने करावा.

कोणी म्हणेल, "कारखाना म्हणजे काय दवाखाना आहे?" नाही. परंतु तोडीचा कार्यक्रम आपण आखतो, आणि त्या कार्यक्रमापायी माणूस दवाखान्याला उशिरा जात असेल, तर त्यात आपलाही वाटा आहे. ऊस बारा दिवस उभा राहिला तर वजनात, उताऱ्यात थोडे जाईल. ते पुढच्या हंगामात भरून निघते. किडनी देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच अधिक, आई, बहीण, बायको. तिच्याकडे दुसऱ्यांदा द्यायला काही उरलेले नसते.

म्हणून माझे ते वाक्य मी आज जाहीरपणे मागे घेतो. आधी तपासणी, मग तोड.

आपला,
ऊस विकास अधिकारी