नित्याच्या वापरांतली कस्तुरी

सुवासिक द्रव्य हें सणासुदीचें, असा आपल्या घरांतला जुना दंडक आहे. दिवाळींत अभ्यंगस्नान झाल्यावर कानांत अत्तराचा फाया, हळदीकुंकवाच्या वेळीं पालथ्या हातावर ओढलेली अत्तराची काडी, लग्नघरांत गुलाबदाणी. एरवीं अंग स्वच्छ असलें आणि वस्त्र धुतलेलें असलें म्हणजे झालें. हल्लीं मात्र कामावर जाणाऱ्या मुली-सुना, आणि मुलगेहि, सकाळीं निघतांना 'व्हाइट मस्क' म्हणजे पांढरी कस्तुरी या नांवाच्या एखाद्या सौम्य द्रव्याचा फवारा गळ्याशीं मारून निघतात. वडील मंडळी कुरकुर करितात, धाकटीं ऐकून घेतात, आणि दुसरे दिवशीं पुन्हां तेंच होतें. हा वाद वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. एकत्र कुटुंबांत वास हा कोणा एकट्याचा नसतो. एकाच्या अंगावरचा सुगंध माजघरांतल्या दहा जणांनीं हुंगावयाचा असतो. आम्ही या बाबतींत धाकट्यांच्या बाजूचे आहों. परंतु त्यांच्या कुपीवर 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' अशीं जीं विशेषणें छापलेलीं असतात, त्यांच्याविषयीं आम्हांस थोडें बोलावयाचें आहे.

या वासाची मोहिनी कशांत आहे, हें प्रथम पाहूं. मोगरा हा मोगरा म्हणून ओळखतां येतो; वाळा, चंदन, केवडा यांचेंहि तसेंच. सौम्य कस्तुरीचा वास मात्र अमक्या वस्तूचा असें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. उन्हांत वाळलेल्या पंचाची नुकतीच केलेली घडी, न्हाऊं घातलेल्या तान्ह्याची टाळू, यांच्या आसपास कोठें तरी तो असतो. शेजारीं बसलेल्या माणसास तो कळतो. खोलींत शिरणाऱ्यास कळत नाहीं. केवड्याचें अत्तर लावलेला मनुष्य आपल्या आधीं दोन पावलें दारांत येतो, तसा हा प्रकार नाहीं. रोजच्या वापराला जो सुगंध हवा त्याचा मुख्य गुण आमच्या मतें हाच होय.

यामागचें कारण रसायनशास्त्राचें आहे. लिंबाच्या वासाचे रेणु लहान व हलके. ते भराभर उडून जातात. कस्तुरीचे रेणु मोठे व जड असल्यामुळें अंगावर पुष्कळ वेळ टिकतात आणि हळूहळू सुटतात. कस्तुरीच्या सुगंधाचें मूळ जें मस्कोन द्रव्य, त्याची घडण स्वित्झर्लंडमध्यें काम करणाऱ्या लेओपोल्ड रुझिच्का या शास्त्रज्ञानें १९२६ सालीं उलगडून दाखविली. कार्बनच्या पंधरा अणूंचें तें एक कडें निघालें. एवढें मोठें कडें टिकूंच शकणार नाहीं अशी त्यापूर्वीं रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. रुझिच्का यांना पुढें १९३९ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या संशोधनाचाहि वांटा होता.

तथापि कस्तुरी आणि स्वच्छता यांचें नातें निसर्गानें जोडलेलें नाहीं. तें साबणवाल्यांनीं जोडलें. १८८८ सालीं आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनज्ञ स्फोटक द्रव्यांवर प्रयोग करीत असतां त्याला कस्तुरीसारख्या वासाचा एक पदार्थ अकल्पितपणें हातीं लागला. तेव्हांपासून कृत्रिम कस्तुरी स्वस्त होत गेली आणि अंगाच्या व कपड्यांच्या साबणांत शिरली. ही द्रव्यें पाण्यांत सहसा विरघळत नाहींत. कपडा कितीहि खळबळला तरी तीं धाग्याला धरून राहतात. साबणाचा इतर सुगंध पाण्याबरोबर जातो आणि वाळलेल्या कापडांत तेवढी कस्तुरी उरते. अशा कपड्यांत तीन-चार पिढ्या वाढल्यावर नाकाला तोच वास निर्मळ वाटूं लागला तर नवल नाहीं.

खरी कस्तुरी याच्या अगदीं उलट. हिमालयांतला कस्तुरीमृग हा लहानसा, शिंगें नसलेला, सुळे बाहेर आलेला प्राणी. त्यांतल्या नराच्या बेंबीखालच्या पिशवींत ती तयार होते, आणि मादीला खूण पटविणें हें तिचें काम. 'मस्क' हा शब्दसुद्धां संस्कृत 'मुष्क' यावरून फारसींतून युरोपांत गेला. मुष्क म्हणजे वृषण. ताज्या कस्तुरीचा दर्प उग्र व जनावरी असतो. ती अत्यंत विरळ केली म्हणजेच मोहक होते. श्रीकृष्णाच्या ध्यानांत कस्तुरीचा टिळा आहे, वैद्यांच्या कस्तुरीभैरवांत कस्तुरी आहे. दोन्ही ठिकाणीं ती कणभर असते हें ध्यानांत ठेवावें.

या जनावरी अंशाची साक्ष आमच्या राळेगांवच्या रानानें अलीकडेच दिली. २०१६ पासून राळेगांव-पांढरकवड्याच्या टापूंत तेरा माणसांचे बळी एका वाघिणीच्या नांवावर मांडले गेले. कागदोपत्रीं ती 'टी-१'; वृत्तपत्रांनीं तिला 'अवनी' म्हटलें. कापूस वेंचणीच्या दिवसांत बायामाणसें शेतांत जाण्यास भीत होतीं, संध्याकाळ झाली कीं खेड्यांचीं दारें लागत. तिच्या शोधासाठीं हत्ती आणले, कुत्रे आणले, आकाशांतून टेहळणी केली, आणि सरतेशेवटीं अमेरिकेंतल्या कॅल्विन क्लाइन या पेढीचें 'ऑब्सेशन फॉर मेन' नांवाचें पुरुषांचें सुगंधी द्रव्य रानांत शिंपडलें. ऐकणाऱ्यांना ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयांत २००३ सालीं चोवीस प्रकारचीं सुगंधी द्रव्यें चित्त्यांपुढें ठेवून पाहिलीं होतीं, आणि याच द्रव्यापाशीं ते सरासरी अकरा मिनिटांहून अधिक वेळ हुंगत, अंग घाशीत राहिले होते. पुढें ग्वाटेमालांतल्या अरण्यांत जग्वारांचीं छायाचित्रें घेण्यासाठींहि याचाच उपयोग झाला. जवादी मांजराच्या कस्तुरींत जें सिवेटोन असतें, त्याचें कृत्रिम रूप या द्रव्यांत आहे व त्यामुळें मोठीं मांजरें भुलतात, असें जाणकार सांगतात. सिवेटोन म्हणजे मस्कोनचाच भाऊ. सतरा कार्बनांचें कडें.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं राळेगांवजवळच्या बोराटीच्या रानांत ती वाघीण गोळी घालून मारण्यांत आली. त्या रात्रींहि दुसऱ्या वाघिणीचें मूत्र आणि हें अमेरिकन द्रव्य तेथें शिंपडलेलें होतें. तिच्या मागें वर्षाच्या आंतलीं दोन पिल्लें राहिलीं. मारणें योग्य कीं अयोग्य, याचा वाद येथें घालावयाचा नाहीं; ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांचें दुःख आणि त्या पिल्लांचें पोरकेपण, दोन्ही खरीं आहेत. परंतु शहरांतला कोणी तरुण मेजवानीला जातांना जी कुपी उघडतो, तिनेंच वाघिणीला बोलावूं पाहिलें, ही गोष्ट आम्हांला विसरतां येत नाहीं. सौम्य पांढरी कस्तुरी ही त्याच कुळांतली, फक्त नीट न्हाऊं-माखूं घातलेली. ती अंगाच्या स्वतःच्या वासाशीं मिसळून जाते, म्हणूनच ती आवडते. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं; मात्र तिला निव्वळ स्वच्छतेचें नांव देऊन स्नानाच्या जागीं तिची योजना करूं नये.

आमच्या कपाशीच्या मुलखाला शोभेल अशी एक निरुपद्रवी कस्तुरीहि आहे. कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद हीं सर्व एका कुळांतलीं झाडें, आणि त्यांचीच बहीण कस्तुरी-भेंडी. आयुर्वेदांत हिला लताकस्तुरी म्हणतात, बाजारांत मुष्कदाणा. पिवळ्या फुलांचें हें झुडूप. त्याच्या बिया बोटांत चोळल्या कीं मंद, किंचित् गोडसर कस्तुरीगंध येतो. परसांत लावून पाहण्यासारखें आहे.

आतां व्यवहाराचें. तीर्थाच्या ठिकाणीं 'अस्सल कस्तुरी' म्हणून जी केंसाळ पिशवी दाखवितात ती घेऊं नये. बहुधा ती बनावट असते. आणि अस्सल असलीच तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तिचा व्यापार गुन्हा आहे. एका नराला मारून हातीं येते ती अवघी पंचवीसएक ग्रॅम. कृत्रिम द्रव्यांपैकीं मस्क अँब्रेट मज्जातंतूंना व त्वचेला अपायकारक ठरून युरोपांत १९९५ सालीं बंद झालें; मस्क झायलीनवर तेथें २०१४ पासून बंदी आली. त्यांच्यामागून रूढ झालेलीं कांहीं द्रव्यें नद्यांच्या पाण्यांत आणि मातेच्या दुधांतहि आढळलीं आहेत. घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण रोज वापरावयाचें तर थोडें वापरावें, आणि तान्ह्या मुलाला घेणाऱ्या आईनें गळ्याशीं लावूंच नये.

थोडें म्हणजे किती, हें लावणारास कळत नाहीं, ही यांतली खरी अडचण. कस्तुरीच्या कांहीं जाती पुष्कळ माणसांच्या नाकाला मुळींच लागत नाहींत. ज्यांना लागतात त्यांचेंहि नाक घटकाभरांत सरावतें. मग 'वास गेला' म्हणून पुन्हां फवारा, आणि बिचाऱ्या सासूबाईंचें डोकें उठतें. यावर उपाय एकच: लावून झाल्यावर घरांतल्या दुसऱ्या कोणास तरी विचारावें, आणि हातभर अंतरावरून कळत असेल तर उद्यां निम्में लावावें. घरांत दम्याचा रोगी असेल तर फवारा सोडून तेलाच्या अत्तराचा एक थेंब मनगटावर पुरे. रेशमी वस्त्रावर डाग पडतो, म्हणून तो वाळल्यावर मग साडी नेसावी. फवाऱ्याच्या कुपींत मद्यार्क असतो व तो चटकन् पेट घेतो. देवघरांत निरांजन तेवत असतां किंवा शेगडीपाशीं उभें राहून तो मुळींच मारूं नये.