वकिलातींची बँक आणि काळ्या पैशाचा उलटा न्याय

१/१७
आर्थिक गुन्हेगारीचा विषय निघाला की राजनैतिक संरक्षणाकडे बोट दाखवण्याची प्रथा पडली आहे. वकिलातीच्या भिंतीआड काळा पैसा निर्धास्त राहतो, तेव्हा दूतांची ही कवचकुंडले काढून घ्यावीत, असा आग्रह धरला जातो. वॉशिंग्टनमधील रिग्ज बँकेचा इतिहास या आग्रहाचा पायाच काढून घेतो. #धागा #इतिहास

२/१७
प्रथम कायदा पाहू. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीची वास्तू (कलम २२), कागदपत्रे (कलम २४) आणि राजनैतिक टपाल (कलम २७) अभेद्य ठरवले. कलम ३१ ने दूतांना यजमान देशातील खटल्यांपासून संरक्षण दिले. मात्र दूताने खासगी व्यापार केल्यास त्यासंबंधीच्या दिवाणी दाव्याला हे संरक्षण लागू नाही.

३/१७
त्याच कराराचे कलम ४१ यजमान देशाचे कायदे पाळण्याचे बंधन दूतांवर घालते. कलम २५ यजमान देशाला बजावते की वकिलातीला कामासाठी सर्व सोयी पुरवाव्यात. आणि संपूर्ण करारात एकही कलम असे नाही, जे यजमान देशातल्या बँकेला तिच्या स्वतःच्या कायदेशीर जबाबदारीतून मुक्त करते. पुढची सारी हकिकत या एका मुद्द्यावर उभी आहे.

४/१७
रिग्ज ही साधी पेढी नव्हती. तिचा उगम १८३०च्या दशकातला. अब्राहम लिंकनसह अनेक अमेरिकी राष्ट्राध्यक्ष तिचे खातेदार होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमधील बहुतांश वकिलातींचे व्यवहार याच बँकेतून होत. वकिलातीचे भाडे, कर्मचाऱ्यांचे पगार, व्हिसाचे शुल्क, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, सारे तेथूनच.

५/१७
जुलै २००४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशी उपसमितीने या बँकेवरील अहवाल प्रसिद्ध केला. बँकेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक निघाले आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी. स्पेनची ही जुनी वसाहत १९६८ मध्ये स्वतंत्र झाली. १९७९ मध्ये तेओदोरो ओबियांग यांनी स्वतःच्या काकांना पदच्युत करून सत्ता घेतली, आणि १९९०च्या दशकात तेथे मोठे तेलसाठे हाती लागले.

६/१७
या देशाचे सरकार, तेथील अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय यांची मिळून ६० हून अधिक खाती रिग्जमध्ये होती. त्यांतील शिल्लक एके काळी ७० कोटी डॉलरच्या घरात गेली. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीच्या ताब्यातील खात्यांत १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम रोखीने भरली गेली. नोटांची प्लास्टिकमध्ये बांधलेली बंडले सुटकेसमधून बँकेत येत होती. देशाच्या तेलाच्या खात्यातून सुमारे साडेतीन कोटी डॉलर दोन अपरिचित कंपन्यांकडे वळते झाले.

७/१७
दुसरे गिऱ्हाईक चिलीचे माजी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे. ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवरून त्यांना लंडनमध्ये अटक झाली. त्यांची मालमत्ता गोठवण्याचे आदेशही निघाले. त्या काळात बँकेने त्यांचे पैसे लंडनहून अमेरिकेत हलवले, खात्यावरील नाव बदलून ‘ए. पी. उगार्ते’ असे अर्धवट केले आणि परदेशी कागदी कंपन्या उभारून दिल्या.

८/१७
आता प्रश्न विचारावा: यात राजनैतिक संरक्षण कुठे होते? पिनोशे वॉशिंग्टनमध्ये कुणाचे दूत नव्हते. ओबियांग हे राष्ट्रप्रमुख. त्यांच्यावर खटला भरणे अवघड, हे मान्य. पण रोख रकमेची नोंद शासनाला कळवणे आणि संशयास्पद व्यवहाराची वर्दी देणे हे काम बँकेचे. अमेरिकी कायद्याने ते बँकेवर सोपवले आहे. बँक अमेरिकी होती, तिचे अधिकारी वॉशिंग्टनमध्ये बसत होते. त्यांना कोणत्याही कराराचे संरक्षण नव्हते.

९/१७
तरीही हे वर्षानुवर्षे चालले, कारण नियामकाने डोळेझाक केली. बँकेच्या नियंत्रणातील त्रुटी तपासणीत पुन्हा पुन्हा दिसूनही कठोर कारवाई झाली नाही. या बँकेच्या तपासणीचा प्रमुख असलेला सरकारी अधिकारी २००२ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच बँकेत नोकरीला लागला. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हे. त्यासाठी व्हिएन्ना कराराला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

१०/१७
शिक्षा झाली. मे २००४ मध्ये अडीच कोटी डॉलरचा दिवाणी दंड, जानेवारी २००५ मध्ये गुन्ह्याची कबुली आणि आणखी १ कोटी ६० लाखांचा दंड. पिनोशेच्या राजवटीतील पीडितांसाठी बँक आणि तिच्या मालक कुटुंबाने ९० लाख डॉलर दिले. २००५ मध्येच ही बँक पीएनसी या दुसऱ्या बँकेत विलीन झाली. परंतु इतर बँकांनी यातून जो धडा घेतला, तो चुकीचा होता.

११/१७
धडा असा हवा होता: लाचखोर सत्ताधीशांचे पैसे घेऊ नका. घेतला गेला तो असा: वकिलातींची खातीच ठेवू नका. पॅरिसमध्ये १९८९ च्या जी-७ परिषदेत स्थापन झालेल्या आर्थिक कृती दलाने (एफएटीएफ) परदेशी सत्ताधीशांच्या खात्यांची विशेष तपासणी करण्यास सांगितले होते. तपासणीला माणसे लागतात, खर्च लागतो. लहान वकिलातीच्या खात्यातून तेवढा नफा निघत नाही. म्हणून बँकांनी खाते बंद करण्याचा स्वस्त मार्ग पत्करला.

१२/१७
२०१० मध्ये वॉशिंग्टनमधील अंगोलाच्या वकिलातीचे खाते तिच्या बँकेने बंद केले. इतर देशांवरही हीच वेळ येऊ लागली. अखेर मार्च २०११ मध्ये अमेरिकी नियामकांना स्वतंत्र पत्रक काढून सांगावे लागले की, जोखीम नीट सांभाळल्यास वकिलातींची खाती ठेवण्यास हरकत नाही. सरकार हरकत नाही म्हणते आणि बँक नको म्हणते, या पेचात कलम २५ मधील ‘सर्व सोयी’ कागदावरच राहिल्या.

१३/१७
लंडनमधील प्रकार तर अधिक बोलका आहे. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा वाहू दिल्याबद्दल एचएसबीसी बँकेने डिसेंबर २०१२ मध्ये सुमारे १९० कोटी डॉलर भरून अमेरिकेत तडजोड केली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याच बँकेने ब्रिटनमधील ४० हून अधिक वकिलाती आणि दूतावासांना खाती हलवण्यास सांगितले. त्यांत व्हॅटिकनचे प्रतिनिधी कार्यालयही होते. टोळ्यांच्या पैशाचे प्रायश्चित्त वकिलातींना भोगावे लागले.

१४/१७
बळी कोण? पासपोर्ट हरवलेला प्रवासी, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा विद्यार्थी, परदेशात दगावलेल्याचा देह मायदेशी नेऊ पाहणारे कुटुंब. वॉशिंग्टनमधील क्यूबाच्या कार्यालयाला २०१३ च्या अखेरीस बँकच उरली नाही. निर्बंधांमुळे त्या देशाशी व्यवहार करणे बँकांना आधीच नकोसे होते. पासपोर्ट आणि व्हिसाचे काम खोळंबले. नवी बँक मिळायला मे २०१५ उजाडला.

१५/१७
राजनैतिक सवलतींचा गैरवापर होतच नाही, असे कुणी म्हणणार नाही. जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरम येथे संयुक्त अरब अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाच्या नावे आलेल्या सामानात ३० किलो सोने सापडले. पण ते पकडले गेले कसे? परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घेऊन, दूतावासाच्या प्रतिनिधीसमक्ष सामान उघडून. वाणिज्य दूतांविषयीच्या १९६३ च्या करारातील कलम ३५ ही वाट दाखवतेच. कायदा पुरेसा होता. तो वापरण्याची इच्छा असावी लागते.

१६/१७
खरे भगदाड कागदी कंपन्यांत आहे. एफएटीएफने २००० मध्ये १५ असहकारी प्रदेशांची यादी काढली. तीत नाउरू, निउए, डॉमिनिका अशी चिमुकली बेटे होती. दलाच्या सदस्य राष्ट्रांपैकी एकही नव्हते. कंपनीचा खरा मालक लपवू देण्याबाबत याच दलाने २०१६ मध्ये अमेरिकेला नापास केले. २०२१ मध्ये तेथे मालकांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकी कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. नापास विद्यार्थीच परीक्षक होऊन बसला आहे.

१७/१७
भारत जून २०१० पासून या दलाचा सदस्य आहे. तेथे भारताने दोन गोष्टी ठामपणे मांडाव्यात. वकिलातीचे अधिकृत खाते आणि सत्ताधीशांची खासगी खाती यांना एकच माप लावू नये. पहिले चालू ठेवण्याची हमी यजमान सरकारने द्यावी. आणि कंपनीच्या खऱ्या मालकाचे नाव उघड करण्याचा नियम नाउरूला लागू असेल, तर तो अमेरिकेलाही लागू व्हावा. हे होत नाही तोवर दूतांच्या संरक्षणाला दोष देणारे बँका आणि त्यांच्या नियामकांना मोकळे सोडत आहेत.